विरजणाचा शब्द

काफुईने मूठभर वाळू पाटीवर टाकली आणि काथ्याचा बोळा घेऊन जोर लावून घासायला सुरुवात केली. पाटीवरचा थर जांभळा, बुळबुळीत, दोन वर्षांत बोटभर जाड झालेला. पहिल्या रगड्याला तो जागचा हलला नाही. दुसऱ्या रगड्याला कोपऱ्यातून सुटला आणि दुधावरच्या सायीसारखा अख्खाच्या अख्खा निघून खालच्या परातीत पडला. आतली कार्बनची काळी पाटी उघडी पडली, आणली त्या दिवशी होती तशी.

"ही पाचवी," ती म्हणाली. "एसिनाम, बघत काय बसलीस? सहावी काढ टाकीतून."

एसिनाम काचेच्या टाकीपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. गारीच्या शेडमधल्या तेवीस बायकांत दहावीपर्यंत शिकलेली ती एकटीच, त्यामुळे भीतीही तिलाच जास्त वाटायची.

"काफुईताई, डॉक्टर फोनवर काय म्हणाले होते? पाटीला बोटसुद्धा लावू नका. मी स्वतः ऐकलंय."

"मीही ऐकलंय. फोन माझ्याच कानाला होता."

"मग?"

"मग काय? उसनं आणलेलं भांडं असं बरबटलेलं परत द्यायचं? होनूकोपेच्या बायांना भांडी घासता येत नाहीत म्हणतील राजधानीतले लोक."

पलीकडे पाटावर बसून कसाव्याचे कंद सोलणारी म्हातारी आफी फिसकन हसली. तिच्या तोंडात तीनच दात, पण हसायची वेळ आली की तिन्ही बाहेर यायचे.

"पोलीस आणतील ते," एसिनाम म्हणाली.

"आणू देत. भांडं घासलं म्हणून कोणाला तुरुंगात टाकलेलं मी तरी ऐकलं नाही."

एसिनामने सहावी पाटी काढली. आधी दाराकडे बघून घेतलं, पण काढली.

ओढ्याकाठची ही शेड म्हणजे होनूकोपेच्या बायकांचं पोट. कसावा सोलायचा, किसायचा, चार दिवस आंबवायचा, पोत्यात भरून दगडाखाली दाबायचा आणि कोरडा झालेला कीस मोठ्या कढईत भाजून त्याची गारी करायची. ती बाजारात विकायची आणि घर चालवायचं. यात वाईट एकच. दगडाखालून जे पाणी गळतं ते आंबट, उग्र आणि विषारी. आजीच्या आजीपासून ते ओढ्यात जात होतं. तेव्हा बायका पाच होत्या आणि ओढा मोठा होता. आता बायका तेवीस झाल्या आणि ओढा आटत चालला, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मासे पोट वर करून तरंगायला लागले. त्याच आठवड्यात तोग्बेच्या, म्हणजे गावच्या राजाच्या, सख्ख्या भावाच्या दोन शेळ्या मेल्या. मासे मेले तेव्हा पंच गप्प होते. शेळ्या मेल्या तेव्हा शेडला कुलूप लागलं.

अकरा आठवडे कुलूप होतं. त्या दिवसांत काफुईने आईने दिलेलं लग्नातलं हातमागाचं कापड विकलं, आणि विकताना रडायची लाज वाटली म्हणून घेणाऱ्याशी कारण नसताना भांडली. पुढे पंचांनी नियम घातला. दर महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी पंचांचा माणूस येणार, शेडचं सांडपाणी घमेल्यात घेणार, त्यात तीन मासे सोडणार. संध्याकाळपर्यंत तिन्ही जगले तर शेड चालू. एक जरी मेला तर कुलूप.

तेव्हा राजधानीतल्या एका संस्थेकडून डॉक्टर अपेंतेंग आले होते. माणसांचे डॉक्टर नव्हेत, पाण्याचे. त्यांनी आल्या आल्या विचारलं, जुन्यात जुना खड्डा कुठला? काफुईने त्यांना शेडच्या मागे नेलं. तिथे वर्षानुवर्षं पाणी साचून उन्हात जांभळं पडलेलं होतं. वास असा की कुत्रंही वळसा घालून जायचं. तिने नाक न मुरडता ओंजळभर जांभळा गाळ काढून त्यांच्या बाटलीत घातला, आणि हा शिकला-सवरलेला माणूस त्या बाटलीकडे असा बघायला लागला की जणू पोराला जत्रेतलं खेळणं मिळालं.

"हे जंतू उन्हावर जगतात, काफुईताई," त्यांनी सांगितलं होतं. "तुमच्या पाण्यातलं आंबट खातात. कार्बनच्या पाट्या दिल्या की त्यांना चिकटून बसतात आणि पाटीशी विजेची देवघेव करतात. त्यामुळे त्यांचं काम चौपट वेगाने होतं. आणि वाढून उरतील ते वाळवून कोंबड्यांना घाला."

"म्हणजे ऊन खायचं, घाण प्यायची आणि अंडी द्यायची," आफी म्हणाली होती. "माझ्या सुनेपेक्षा बरे."

खोटं नाही, तसंच झालं. टाकी बसली, बारा पाट्या उभ्या राहिल्या, जांभळ्या झाल्या, आणि दोन वर्षांत घमेल्यातला एकही मासा मेला नाही. पंचांच्या हुकमाने मागचा खड्डा बुजवला गेला. कोणाला त्याचं दुःख झालं नाही. खड्ड्यातलं सगळं टाकीत होतं.

गेल्या महिन्यात पत्र आलं. एसिनामने वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग न बघता तोंडपाठ सांगितलं. संस्थेचा प्रकल्प संपला. पाट्यांवरच्या थराचा करार परदेशातल्या एका कंपनीशी झाला आहे. पाट्या थंड पेटीतून नेण्यात येतील. मागे उरलेल्या पाण्यात ब्लीच टाकून जागेवर एकही जिवंत जंतू राहू देऊ नये. यापुढे कंपनीच्या परवानगीशिवाय ते कोणीही वाढवू नयेत.

काफुईने त्याच दिवशी फोन केला.

"डॉक्टर, ते आमच्या खड्ड्यातलं होतं ना?"

"मूळ तुमच्याच खड्ड्यातलं, ताई. पण वाढलं संस्थेच्या पाट्यांवर."

"माझी पोरं सासऱ्याच्या घरात वाढली. म्हणून ती सासऱ्याला झाली का?"

मग डॉक्टर म्हणाले, "करार झालाय, ताई. माझ्या हातात नाही. मी पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी येतो. पाट्यांना बोटसुद्धा लावू नका."

आयत्या बिळावर नागोबा, असं काफुई फोन ठेवल्यावर म्हणाली. नंतर आणखीही बरंच म्हणाली, ते इथे सांगण्यासारखं नाही. राग असा की त्या दिवशी तिच्या कढईतली गारी करपली, आणि तीस वर्षांत तिच्या हातून गारी करपली नव्हती.

मग तिने ते केलं जे कसाव्याच्या कामात ती जन्मभर करत आली होती. विरजण लावलं.

कसावा आंबवायला विरजण लागतं. कालच्या आंबलेल्या पिठातलं थोडं मागे ठेवायचं आणि आजच्या किसात कालवायचं, म्हणजे तो नीट फुगतो, मऊ पडतो. एखादीचं विरजण बिघडलं की ती वाडगा घेऊन शेजारच्या दारात जाते. दारात आलेल्या वाडग्याला नाही म्हणायचं नसतं, मग कालच झिंज्या उपटून भांडण का झालं असेना. घेणारीने मात्र आधी शब्द द्यायचा. मागेल त्याला देईन, विकणार नाही. एवढंच, पण भांड्याच्या तोंडाशी उभं राहून मोठ्याने. शब्द मोडला तर सात पिढ्या हाताखाली पीठ आंबत नाही म्हणतात. खरं की खोटं कोण जाणे, कारण अजून कोणी मोडून बघितलेला नाही.

टाकीतलं थोडं जांभळं घेऊन पहिलं विरजण तिने मातीच्या मडक्यात लावलं. अंधारात ते मेलं. दुसरं उघड्या घमेल्यात लावलं, ते हिरवं झालं आणि डबक्यासारखं घाण मारायला लागलं. तिसऱ्या वेळी तिने पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली घेतली, आत लाकडी कोळशाची कांडी सोडली, बिघडलेल्या रेडिओतली तांब्याची तार तिला गुंडाळली, गच्च बूच लावलं आणि बाटली पत्र्यावर उन्हात ठेवली. नवव्या दिवशी बाटली जांभळी झाली. मग शेडमागे उथळ खड्डा खणून, त्यात कोळशाच्या कांड्या उभ्या करून, बाटलीतलं जांभळं आणि शेडचं पाणी ओतून, वर पारदर्शक प्लास्टिक ताणलं. गेल्या गुरुवारी तिने त्यातलं पाणी घमेल्यात काढून स्वतःच तीन मासे सोडले आणि दिवसभर घमेल्यापाशी बसून राहिली. संध्याकाळी मासे जिवंत होते. दुसऱ्या दिवशी दुपारीही होते. आफीने त्यातला मोठा भाजून खाल्ला आणि चव चांगली आहे म्हणून सांगितलं.

पण खड्डा लहान होता आणि तेवीस बायकांचं पाणी मोठं. जांभळं आणखी हवं होतं. ते पाट्यांवर होतं.

म्हणून सोमवार उजाडताच ती वाळू घेऊन बसली होती. परात भरली की म्हातारी आफी पळीने थर वाढायची. शेडच्या बायका होत्याच, पण ओढ्याच्या खालच्या अंगाच्या गावांतूनही बायका आल्या होत्या. गारी तिथेही भाजतात, पाणी तिथेही ओढ्यातच जातं. हातात बाटल्या घेऊन त्या रांगेने यायच्या, परातीपाशी थांबायच्या.

"मागेल त्याला देईन, विकणार नाही."

"घे. उन्हात ठेव. बूच उघडून वास घेत बसू नकोस."

बारावी पाटी घासून झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. काफुईने बाराही पाट्या स्वच्छ पाण्याने विसळल्या आणि भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या. टाकीही आतून पुसून घेतली. पाठीतून कळ आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

गाडी आली. ड्रायव्हरने निळ्या रंगाच्या दोन थंड पेट्या आणि ब्लीचचा कॅन उतरवला. डॉक्टर अपेंतेंग हसत आत आले, कारण दोन वर्षं ते असेच हसत येत. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली.

ते भिंतीपाशी गेले, एका पाटीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. बोट स्वच्छ होतं.

"हे काय केलंत, ताई?"

"उसनं भांडं धुऊन परत करायचं असतं, डॉक्टर. बारा आहेत, मोजून घ्या. टाकी, पंप, वीज मोजायचं यंत्र, सगळं यादीप्रमाणे आहे."

"मी सांगितलं होतं..."

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

शेडमध्ये कढईतला उलथणा चालायचा थांबला. डॉक्टर रागावले असते तर बायकांना सोपं गेलं असतं, रागाला उत्तर तयार होतं. पण ते नुसते भिंतीशी उकिडवे बसले.

"दोन वर्षं, ताई. हा थर यायला दोन वर्षं लागली. माझी दोन वर्षं."

"आणि त्याला रोज पाणी कोणी पाजलं? पंप बंद पडला तेव्हा बादल्यांनी रात्रंदिवस टाकी कोणी भरली? ज्याचं जळतं त्याला कळतं, डॉक्टर. तुम्ही थर न्याल, उरल्यासुरल्यावर ब्लीच ओताल, आणि शुक्रवारी पंचांचा माणूस मासे घेऊन येईल. त्या माशांना मी तुमचा करार वाचून दाखवू?"

डॉक्टरांनी टाकीकडे बघितलं. मग विचारलं, "थर कुठे टाकलात?"

काफुईने हनुवटीने बाहेर दाखवलं. शेडच्या पत्र्यावर, शेजारच्या घरांच्या पत्र्यांवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर, जिथे म्हणून ऊन होतं तिथे बाटल्या मांडलेल्या होत्या. खालच्या गावच्या बायका डोक्यावर घमेली घेऊन वाटेने निघाल्या होत्या, आणि घमेल्यांतही बाटल्याच होत्या.

"किती घरं?"

"आमची तेवीस. खालच्या पाच गावांची मी मोजली नाहीत."

डॉक्टरांनी ब्लीचच्या कॅनकडे बघितलं, मग पत्र्यांकडे. उठले, कॅन उचलला आणि रिकाम्या, पुसलेल्या टाकीत सगळं ब्लीच ओतलं. काठाकाठाने, नियमात लिहिलं होतं तसं. मोबाईलने टाकीचा फोटो काढला. एसिनाम तोंडाला पदर लावून उभी होती, वासाने की हसू आवरायला ते कळत नव्हतं.

ड्रायव्हर पाट्या गाडीत भरायला लागला. डॉक्टर पायरीवर बसले.

"कंपनीचे लोक बुधवारी येणार आहेत," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते स्पष्ट नव्हतं. "मी त्यांच्यापुढे काय ठेवू? माझी नोकरी जाईल, ताई. ही धमकी नाही. जाईल म्हणून सांगतोय."

काफुईला वाईट वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. हा माणूस तिच्या चुलीपाशी बसून तिच्या हातची भेंडीची आमटी हाताने भुरकून खायचा. तिला ताप आला तेव्हा याच गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला होता. कागदावर सही कोणी केली आणि करार कोणी केला, यातलं त्याच्याकडे किती जात होतं कोण जाणे. पण तिला कुलूपही आठवत होतं, आणि वाईट वाटण्याने कुलूप उघडत नाही हेही माहीत होतं. तिने पदराने हात पुसले आणि कढईखालचा जाळ सारखा केला.

डॉक्टर गाडीकडे गेले. आता निघतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा जेवणाचा डबा होता, धुतलेला, रिकामा. शेडच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी बूट काढले. अनवाणी आत आले आणि परातीपाशी उभे राहिले. परातीत शेवटचं दोन पळ्या जांभळं उरलं होतं, काफुईने स्वतःसाठी ठेवलेलं.

"काफुईताई," ते म्हणाले, "माझं विरजण गेलं. थोडं द्याल?"

आफीच्या हातातली सुरी थांबली. एसिनाम पुटपुटली, "बघा, कसं गाठलं." आणि गाठलंच होतं. दारात आलेल्या भांड्याला नाही म्हणणारी बाई होनूकोपेत आजवर झाली नव्हती. काफुईने तीस वर्षांत वैरिणीलासुद्धा परत पाठवलं नव्हतं. ही रीत त्याने इथेच, या कढईपाशी बसून, गारी चघळत शिकून घेतली होती.

काफुई परातीपाशी आली. पळी उचलली.

"रीत माहीत आहे तर," ती म्हणाली. तीस-चाळीस पावलांवरच्या शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलली, साहेबाशी बोलतात तशी नव्हे. "मग डबा धर पुढे."

त्यांनी डबा धरला. पळी परातीत बुडाली, भरली आणि डब्याच्या वर येऊन थांबली.

"म्हण."

डॉक्टरांनी ओठ ओले केले. शब्द पाठ होते, दोन वर्षं येता-जाता कानावर पडलेले. बाहेर ड्रायव्हरने गाडीचं मागचं दार लावलं. डॉक्टर म्हणाले, "मागेल त्याला देईन," आणि थांबले.

काफुई वाट बघत राहिली. तिचा हात भरून आला, पण पळी हलली नाही. पुढचे दोनच शब्द होते. म्हणून टाकले असते आणि बुधवारी खुशाल मोडले असते, तर राजधानीत कोण बघायला जाणार होतं? आंबवायचं पीठ काही त्यांच्या घरात नव्हतं. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. एसिनामसुद्धा, आणि तिने तर केव्हाच धरून ठेवलं होतं की हा म्हणणार.

डॉक्टरांनी डबा मागे घेतला. झाकण लावायला गेले, ते नीट बसेना, पुन्हा लावलं.

"नाही जमत, ताई," ते म्हणाले.

काफुईने पळीतलं जांभळं परातीत परत सोडलं. सोडताना तिला एकदम हलकं वाटलं. इतका वेळ त्याच्याशी भांडायचं बळ होतं, ते कुठे गेलं कळेना.

डॉक्टर उंबऱ्याबाहेर जाऊन बूट घालायला लागले. नाड्या बांधून होतात न होतात तोच ती मागे आली, त्यांच्या बगलेतला डबा ओढून घेतला, कढईपाशी गेली आणि ताज्या भाजलेल्या गारीने तो काठोकाठ भरला. गारी इतकी गरम होती की डबा तिला पदरात धरावा लागला.

"घे. वाटेत भूक लागेल."

त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले. "ताई, तुमचे उपकार..."

"उपकार कसले?" काफुई म्हणाली. "गारी विकायचीच असते. पैसे काढ."

आफी जोरात हसली, तिन्ही दात दाखवून. डॉक्टर क्षणभर बघत राहिले, मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं, बाजारभाव विचारला आणि सांगितला तेवढा दिला, घासाघीस केली नाही. काफुईने नोट कमरेला खोचली, कढईत हात घातला आणि गिऱ्हाइकाला द्यायची असते तशी एक मूठ वरून जास्तीची टाकली.